शिवालिकचा महाकूर्म

कासव हा प्राणी भारतीय मनाला जितका परिचित तितकाच पूज्यही आहे. देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकले की गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेले कासव दिसते, आणि भाविक त्याला हात लावून मगच पुढे होतो. समुद्रमंथनात मंदर पर्वत पाठीवर तोलून धरणारा कूर्म, आणि पृथ्वीचा भार वाहणारा कच्छप, या कल्पना लहानपणीच कानी पडतात. याच कल्पनांच्या देशात, हिमालयाच्या पायथ्याशी, एकेकाळी खरोखरच एक प्रचंड कासव जमिनीवर वावरत होते. त्याची हाडे दगड होऊन पडली होती. ती कशी सापडली, त्यांवरून त्या प्राण्याचे रूप शास्त्रज्ञांनी कसे उभे केले, त्यात चूक कोठे झाली आणि ती पुढे कशी सुधारली गेली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणाराही आहे.

प्रथम ज्या भूमीत हे अवशेष मिळाले ती भूमी पाहू. हिमालयाच्या दक्षिण अंगाला, आजच्या पाकिस्तानातील पोटवारच्या पठारापासून पूर्वेकडे दूरवर, ठेंगण्या डोंगरांची एक रांग पसरलेली आहे. तिला शिवालिक म्हणतात. या टेकड्या हिमालयासारख्या कठीण पाषाणाच्या नाहीत. हिमालय वर उचलला जात असता त्याच्या अंगावरून धावणाऱ्या नद्यांनी जो गाळ, वाळू आणि गोटे खाली आणून टाकले, त्यांचे थरावर थर साचून व दबून हे डोंगर बनले. हे काम सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुरू झाले आणि काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालू होते. नदीकाठी मेलेल्या प्राण्यांची हाडे त्या गाळात पुरली गेली. पाण्यातील खनिजे त्यांत हळूहळू शिरली आणि हाडाचा आकार जसाच्या तसा राहून त्याचा दगड झाला. शिवालिकचे डोंगर म्हणजे एका दीर्घ कालखंडाची आपोआप लिहिली गेलेली बखरच होय.

ही बखर प्रथम वाचण्याचा मान दोघा तरुणांकडे जातो. ह्यू फाल्कनर हा स्कॉटलंडचा डॉक्टर १८३२ साली सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख झाला. प्रॉबी कॉटली हा इंजिनिअर जवळच यमुनेच्या पूर्वेकडील कालव्याच्या कामावर होता. पुढे १८५४ साली खुला झालेला गंगेचा मोठा कालवा ज्याने बांधला, तोच हा कॉटली. फाल्कनरने फेरिश्त्याच्या इतिहासग्रंथात एक चमत्कारिक मजकूर वाचला होता. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने कालव्यासाठी टेकडी खणविली, तेव्हा मजुरांना हत्तींची आणि राक्षसांची हाडे सापडली, असा तो मजकूर होता. दुसरा कोणी ही भाकडकथा म्हणून सोडून दिली असती. फाल्कनरने मात्र राक्षस बाजूला ठेवले आणि हाडे तेवढी खरी मानली. १८३४ च्या सुमारास फाल्कनर, कॉटली आणि बेकर व ड्युरँड हे त्यांचे लष्करी इंजिनिअर मित्र यांना या टेकड्यांत अश्मीभूत हाडांचे भांडारच हाती लागले.

हाडे मिळाली, पण ती कोणाची हे ठरवावयाचे कसे? सहारनपूरला वस्तुसंग्रहालय नव्हते, तुलनेसाठी सांगाडे नव्हते, ग्रंथही जवळपास नव्हते. यावर फाल्कनरने काढलेला मार्ग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आसपासच्या रानातील वाघ, हरिणे, रानरेडे, मगरी यांचे सांगाडे त्याने स्वतः साफ करून मांडले आणि जिवंत प्राण्यांची हाडे एका बाजूला व दगड झालेली हाडे दुसऱ्या बाजूला ठेवून एकेकाची ओळख पटविली. अशा रीतीने शिवालिकमधील लुप्त सृष्टी डोळ्यांपुढे उभी राहू लागली. शिंगांचा विचित्र मुकुट धारण करणारे, जिराफाच्या कुळातले अवाढव्य शिवथेरियम, निरनिराळ्या जातींचे हत्ती, पाणघोडे, सुसरी, घोडे, उंट असा तो सारा मेळा होता. या कार्याबद्दल लंडनच्या भूविज्ञान संस्थेने १८३७ साली दोघांना मिळून आपले वुलस्टन पदक दिले. कॉटलीने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला.

या मेळ्यातच एका कासवाचे तुकडे होते. तुकडे म्हणावयाचे, कारण पूर्ण कवच कोठेच नव्हते. पाठीच्या ढालीचे फुटके भाग, पोटाकडच्या पाटीचे जाड टोक, पायांची काही हाडे, एवढेच साहित्य होते. पण ते इतके भव्य होते की पाहणारा चकित व्हावा. १८४४ साली फाल्कनर आणि कॉटली यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे या प्राण्याचे सविस्तर वर्णन मांडले. त्याला त्यांनी ‘कोलोसोकेलिस ॲटलास’ हे नाव दिले. कोलोसस म्हणजे अतिभव्य पुतळा, केलिस म्हणजे कासव, आणि ॲटलास म्हणजे ग्रीक पुराणातला, आकाश खांद्यावर तोलून धरणारा दैत्य. १८३७ साली त्यांनीच या कासवासाठी ‘मेगालोकेलिस’ म्हणजे महाकासव असे नाव योजिले होते; आजचे शास्त्रज्ञ पुन्हा त्याच नावाकडे वळले असून त्यास ‘मेगालोकेलिस ॲटलास’ असे म्हणतात.

त्यांनी हिशेब केला तो असा. आजच्या कासवात अमुक लांबीच्या हाडाला तमुक लांबीचे कवच असते. तेव्हा एवढ्या मोठ्या हाडाला केवढे कवच असावे? हे त्रैराशिक मांडून त्यांनी कवचाची लांबी १२ फूट ३ इंच, रुंदी ८ फूट आणि उंची ६ फूट ठरविली. या मापाचे कवच पालथे घातले तर त्याखाली एका लहान कुटुंबाचा संसार सहज मावेल!

फाल्कनर एवढ्यावर थांबला नाही. भारतीय पुराणकथांचा त्याला परिचय होता. महाभारताच्या आदिपर्वात गजकच्छपाची कथा आहे. विभावसू आणि सुप्रतीक हे दोघे भाऊ वाटणीवरून भांडले आणि परस्परांच्या शापाने एक कासव व दुसरा हत्ती झाला. हत्ती सहा योजने उंच, कासव तीन योजने उंच आणि दहा योजने घेराचे. दोघांचे वैर तसेच चालू राहिले आणि अखेर गरुडाने दोघांनाही नखांत उचलून नेले. हत्तीच्या तोडीचे कासव लोकांच्या कल्पनेत आले कोठून, असा प्रश्न फाल्कनरला पडला. प्राचीन मानवाने हे महाकूर्म जिवंत पाहिले असावे आणि त्याचीच स्मृती कथेत उरली असावी, असे त्याने सुचविले.

कल्पना सुंदर आहे, परंतु ती टिकत नाही. शिवालिकच्या ज्या थरांत या कासवाची हाडे सापडतात ते लाखो वर्षांपूर्वीचे आहेत, आणि आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांपलीकडे जात नाही. कथा रचणाऱ्यांची भाषा तर त्याहून कितीतरी अलीकडची. एवढ्या दीर्घ काळाच्या खिंडीतून आठवण उतरणे संभवत नाही. डोंगरातून निघालेली प्रचंड हाडे पाहून प्राचीन लोकांच्या कल्पनेस चालना मिळाली असेल, इतके फार तर म्हणता येईल. फिरोजशहाच्या मजुरांनी तेच केले. तथापि यावरून फाल्कनरला हसण्याचे कारण नाही. त्या काळी पृथ्वीच्या थरांचे वय वर्षांत मोजण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

मापाच्या हिशेबातही असाच एक दोष राहिला होता, आणि तो शाळेतल्या मुलालाही समजावून देता येण्याजोगा आहे. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर त्याचे वजन दुप्पट होत नाही; दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होते. उलट ज्या हाडांवर ते वजन पेलावयाचे त्यांच्या छेदाचे क्षेत्र मात्र चौपटच वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणापेक्षा अधिक जाड असावी लागतात. हरिणाचा पाय आणि हत्तीचा पाय शेजारी ठेवून पाहावा म्हणजे हे पटते. तेव्हा हाडाच्या जाडीवरून सरळ त्रैराशिकाने लांबी काढली तर उत्तर वाजवीपेक्षा मोठे येणार. शिवाय पोटाच्या पाटीचे पुढचे टोक कित्येक जातींच्या नरांत विशेष वाढलेले असते. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा प्रतिस्पर्ध्याला ढकलण्यास व उलटविण्यास ते टोक उपयोगी पडते. या महाकूर्मातही ते पुढे आलेले व जाड होते. अशा अवयवावरून सर्व देहाचे माप काढणे म्हणजे काळविटाच्या शिंगावरून त्याची उंची ठरविण्यासारखेच होय.

हा वाद मिटण्यास पुरावाच हवा होता, आणि तो बऱ्याच वर्षांनी मिळाला. १९०२ साली टायरॅनोसॉरस या भयंकर सरड्याचे अवशेष शोधून काढणारा बार्नम ब्राऊन हा अमेरिकन संशोधक १९२२ च्या सुमारास शिवालिकमध्ये आला. आज चंदीगड वसले आहे त्या बाजूच्या टेकड्यांत त्याला या कासवाच्या कवचाचा बराच मोठा भाग मिळाला. ते तुकडे न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नेऊन जुळविण्यात आले. कवच भरले ते सुमारे सहा फुटांहून थोडे अधिक. त्याच्या जिवंत वजनाचा अंदाज सुमारे एक टनाचा करण्यात आला. म्हणजे फाल्कनरच्या मापाचे जवळजवळ निम्मे.

निम्मे म्हटल्याबरोबर निराश होण्याचे कारण नाही. वर सांगितलेला हिशेबच येथे लावून पाहावा. सहा फुटांच्या कवचास एक टन, तर बारा फुटांच्या कवचास आठ टन. म्हणजे हे कासव आफ्रिकेतल्या मोठ्या हत्तीहूनही जड झाले असते. ते तसे नव्हते. पण एक टन हेही सामान्य नव्हे. आज जमिनीवर राहणारी सर्वांत मोठी कासवे म्हणजे गालापागोस बेटांवरची. त्यांतला अगदी भव्य नर चारशे किलोग्रॅमच्या आसपास भरतो. शिवालिकचा कूर्म त्याच्या दुपटीहून अधिक होता. समुद्रात याहून मोठी कासवे होऊन गेली, दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतही होऊन गेली. पण त्यांचा भार पाणी उचलून धरी. कोरड्या जमिनीवर स्वतःच्या चार पायांवर आपले घर वाहून नेणाऱ्या कासवांत, आतापर्यंत जी ठाऊक आहेत त्यांत, हेच सर्वांत मोठे होय.

त्याचे जीवन कसे असेल? हाडांवरून आणि आजच्या कासवांवरून काही गोष्टी खात्रीने सांगता येतात. कासवाचे कवच हे गोगलगाईच्या शंखासारखे अंगावर घेतलेले घर नव्हे. ते त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन एकमेकांस जखडले गेले आणि त्यांची ढाल बनली. त्यामुळे कासवाला आपल्यासारखी छाती फुगवून श्वास घेता येत नाही. कवचाच्या आतील स्नायूंनी फुप्फुसे ओढून व दाबून तो व्यवहार चालवावा लागतो. ढालीवर शिंगाच्या जातीचे पातळ खवले असतात. ते सडून जातात, हाडाची ढाल मात्र दगड होऊन उरते. महाकूर्माचे पाय हत्तीसारखे खांबाच्या आकाराचे होते. आहार गवत, पाला, पडलेली फळे. गती मंद, पण मंद गती हाच त्याचा संसार होता. थोडे खावे, थोडे चालावे, पुष्कळ जगावे.

येथे हवामानाचाही एक पुरावा मिळतो. लहान कासवे कडक थंडी आली की बीळ खणून आत बसतात. एक टनाच्या कासवाला असे बीळ खणणे शक्य नाही. म्हणून जेथे महाकाय कासवांची हाडे सापडतात तेथे हिवाळ्यात पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नसली पाहिजे, असे शास्त्रज्ञ अनुमान काढतात. दुसऱ्या बाजूने मोठा देह ऊब लवकर गमावीत नाही. दिवसा तापलेला मोठा हंडा रात्री उशिरापर्यंत कोमट राहतो, तसेच हे. पाणघोड्यांची व सुसरींची हाडेही याच टेकड्यांत मिळतात. यावरून पाण्याने भरलेल्या नद्या, त्यांच्या काठची गवताळ मैदाने आणि सौम्य हिवाळा, असे तेथील चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे.

कासवांचे कूळ याहूनही फार प्राचीन आहे. बावीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही कासवांचे पूर्वज आढळतात. मुंबईकरांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वरळीच्या परिसरात, ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्याच्या गाळात, गोड्या पाण्यातल्या एका लहान कासवाचे अवशेष मिळाले होते. हेन्री कार्टर यांनी १८५२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि डॉ. लीथ यांच्या नावावरून त्यास ‘लीथी’ हे नाव दिले. ते कासव सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या मानाने शिवालिकचा कूर्म अगदी कालपरवाचा म्हणावा लागेल.

हा प्राणी शिवालिकपुरताच मर्यादित नव्हता. त्याचे आणि त्याच्या जवळच्या जातींचे अवशेष ब्रह्मदेश, थायलंड, जावा, सुलावेसी, तिमोर येथपर्यंत मिळाले आहेत. यांपैकी सुलावेसी आणि तिमोर ही बेटे खोल समुद्राने वेढलेली आहेत. जमिनीवरचे कासव तेथे पोहोचले कसे? याचे उत्तर एका अलीकडच्या घटनेत आहे. २००४ सालच्या डिसेंबरात टांझानियाच्या किनाऱ्यावर किंबिजी येथे एक मोठे कासव समुद्रातून चालत वर आले. ते हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटाच्या जातीचे होते आणि त्याच्या पायांवर समुद्रातल्या शिंपल्यांसारख्या जीवांची दाट वस्ती झालेली होती. म्हणजे कित्येक आठवडे ते तरंगत आले होते! कासव बुडत नाही, अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकते, आणि या दोन गुणांच्या बळावर समुद्र ओलांडू शकते.

एवढा चिवट प्राणी नाहीसा कशाने झाला? हवामान बदलले, थंडी व कोरडेपणा वाढला, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. जावात १८९१ साली युजीन द्युब्वा यांना ज्या आदिमानवाचे अवशेष मिळाले, तो होमो इरेक्टस जसजसा बेटांवर पसरला तसतशी ही कासवे तेथून नाहीशी झाली, असे काही संशोधकांना आढळले आहे. वाघाला न फुटणारे कवच हातात दगड असलेल्या प्राण्यापुढे निरुपयोगी ठरले असावे. कासव पळू शकत नाही, झाडावर चढू शकत नाही, आणि त्याची वंशवृद्धी फार सावकाश होते. आजच्या महाकाय कासवाचे अंडे चेंडूएवढे असते. त्यातून निघणारे पिल्लू मुठीत मावते आणि वयात येण्यास त्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात. अशा प्राण्यांतील दरवर्षी थोडी प्रौढ माणसाच्या हाती पडली तरी पुढच्या पिढीची जागा रिकामी राहू लागते.

प्राचीन काळाबद्दल हे अनुमान आहे; पण अलीकडच्या काळात तेच घडले याची नोंद आहे. मॉरिशस, रीयुनियन आणि रॉड्रिग्ज बेटांवरील महाकाय कासवांच्या साऱ्या जाती खलाशांच्या खाण्यात संपल्या. गालापागोसमधून एक ते दोन लाख कासवे नेली गेली असावीत असा अंदाज आहे. अन्नपाण्यावाचून ती जहाजाच्या तळात महिनोन्महिने जिवंत राहत, म्हणून ताज्या मांसाचे कोठारच म्हणून ती भरून नेत. जो गुण त्यांना समुद्रापार नेत होता तोच त्यांच्या नाशास कारण झाला. पिंटा बेटाच्या जातीचे शेवटचे कासव, ज्याला लोक ‘एकाकी जॉर्ज’ म्हणत, २४ जून २०१२ रोजी मरण पावले.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १८७४ साली चार्ल्स डार्विन, जोसेफ हूकर, रिचर्ड ओवेन प्रभृती शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरास विनंतिपत्र पाठवून अल्डाब्राची कासवे वाचविण्याची मागणी केली. डार्विन आणि ओवेन यांचे आपसांत मुळीच पटत नव्हते. कासवासाठी मात्र दोघांच्या सह्या एका कागदावर पडल्या. त्या बेटाचे रक्षण पुढे होत गेले, १९८२ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तेथील कासवांची संख्या एक लाखाच्या घरात गेली. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली वारलेले ‘अद्वैत’ नावाचे वृद्ध कासव याच अल्डाब्रा जातीचे होते. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले होते अशी आख्यायिका आहे.

शिवालिकचा कूर्म पाहावयाचा असेल तर हिमाचल प्रदेशात सिरमौर जिल्ह्यातील साकेती येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७४ साली उघडलेल्या जीवाश्म-उद्यानात जावे. तेथे त्याची पूर्णाकृती प्रतिमा लुप्त हत्ती, पाणघोडे यांच्या सोबतीत मोकळ्या आभाळाखाली उभी केलेली आहे.

आणि इतके दूर जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी या कथेचा बोध घरातच आहे. पाठीवर चांदण्या असलेले लहानसे कासव घरात ठेवले तर लक्ष्मी येते, अशा समजुतीने कित्येक सुशिक्षित कुटुंबे ते चोरून विकत घेतात. हे तारांकित कासव याच भूमीतले, महाकूर्माच्याच कुळातले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यास संरक्षण दिले असून ते पकडणे, विकणे वा बाळगणे गुन्हा आहे. तरीही पोती भरभरून ही कासवे चोरट्या मार्गाने नेली जातात. देवळातल्या दगडी कासवास नमस्कार करावयाचा आणि जिवंत कासवास काचेच्या पेटीत कोंडावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. एक टन वजनाचा कूर्म गेला तो परत येणार नाही. त्याचे लहानसे भाऊबंद मात्र अद्याप गवतातून सावकाश चालत आहेत. त्यांना चालू द्यावे, एवढेच माणसाच्या हाती आहे.